पाळण्यातलं वजन

त्या दिवशी मी घरातून निघालो तो कप्पीला ग्रीस लावायला. दुसरं काही मनात नव्हतं. ढग दरीत उतरून बसले होते, आणि अशा हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. ग्रीसचा डबा घेतला, एक चिंधी घेतली, आणि उतरायला लागलो. बायको चुलीपाशी खोकत होती. ती खोकायचीच. आमच्याकडे पुरुष एका वयानंतर घोरतात आणि बायका खोकतात. त्याला दुखणं म्हणायची पद्धत नव्हती.

आमचं गाव दरीच्या अलीकडे, आणि बाकी सगळं जग पलीकडे. गाडीरस्ता पलीकडे, दवाखाना पलीकडे, मोठी शाळा पलीकडे. मधे नदी, इतकी खोल की वरून तिचा आवाज येतो पण पाणी दिसत नाही. नदीत पुलाचे दोन खांब उभे होते. माझे केस काळे होते तेव्हापासून ते उभेच होते. त्यांच्यावर कावळे बसत, एवढाच त्यांचा उपयोग.

जायचं यायचं ते पाळण्यातून. पाळणा म्हणजे लोखंडी पत्र्याचा चौकोनी डबा, आत बसायला फळी, कमरेला बांधायला पट्टा. वरून जाड तार, तिच्यावर कप्प्या. खालून ओढायचा दोर दोन्ही काठांपर्यंत गेलेला. अलीकडे ओढणारा मी, पलीकडे ओढणारा बोळक्या. त्याचे पुढचे दात तरुणपणीच दोराच्या झटक्याने पडले होते, तेव्हापासून त्याचं खरं नाव आम्ही विसरलो, आणि तोही विसरला असावा. आम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांशी बोललो ते बहुतेक एका बारीक तारेवरून. तिच्या दोन्ही टोकांना खडे भरलेले पत्र्याचे डबे टांगलेले. एक झटका म्हणजे ओढ; पाळणा समोरच्याकडे असेल तर सोड. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे पोचलं. एवढ्यावर आमची मैत्री टिकली. जास्त बोललो असतो तर टिकली नसती, असं बायको म्हणते.

पाळण्याचे दोन नियम होते. ते कुणी लिहून दिलेले नव्हते. पहिला असा, की रिकामा पाळणा ओढायचा नाही. माणूस नसेल तर फळीवर एक मोठा दगड ठेवायचा. रिकामा डबा वाऱ्यात हेलकावे खातो आणि कप्पी तारेवरून उतरते. त्यासाठी दोन्ही काठांवर दगड ठेवलेले होते, बसून बसून गुळगुळीत झालेल्या पाटासारखे.

दुसरा नियम असा, की गेलेलं माणूस पाळण्यातून परत आणायचं नाही. उद्या त्याच फळीवर कुणाचं तरी लेकरू बसणार, हे एक. आणि दुसरं म्हणजे, गेलेलं माणूस बसत नाही. आडवं ठेवायला डबा पुरत नाही. म्हणून जे पलीकडे दवाखान्यात गेले आणि तिथेच संपले, त्यांचं सगळं पलीकडेच झालं. घरची चार माणसं एकेक करून पाळण्यातून जायची, तिकडेच सगळं आटपायची आणि एकेक करून परत यायची. मोकळ्या हाताने परत येणाऱ्या माणसाचं वजन मला हातात कळायचं. जाताना होतं त्यापेक्षा जड लागायचं. हे खरं नसेल, पण मला लागायचं.

माझी थोरली वहिनी तशीच पलीकडे राहिली. पायाला साधी जखम झालेली, ती चिघळली, आणि वादळामुळे पाळणा तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी नेली तेव्हा उशीर झाला होता. वहिनी अंगाने भरलेली, घरभर आवाज. ती पाळण्यात बसली की तार कण्हायची आणि तीच वर म्हणायची, भावोजी, दोर घट्ट धरा, मी पडले तर नदी अडेल. त्या दिवशीही म्हणाली. ताप होता, तरी म्हणाली. वीस वर्षं माझी बायको आणि ती एका चुलीवर भांडल्या. ती गेल्यावर बायको कितीतरी दिवस मुकी होती. आणि त्यानंतर ती पाळण्यात एकदाही बसली नाही. पाळणा ओढणाऱ्याची बायको, आणि पलीकडचा रस्ता तिने पाहिलेला नाही, म्हणून गाव हसायचं. मला वाटायचं, घाबरते. उंचीला सगळेच घाबरतात.

तर मी खाली कप्पीला ग्रीस लावत होतो, तेवढ्यात वरून पुतण्याची हाक आली. पुतण्या म्हणजे या वहिनीचाच मुलगा, आता दोन मुलांचा बाप. तो काकीला पाठीवर घेऊन उतरत होता. माझ्या हातातली चिंधी तशीच राहिली. तिचे ओठ निळे पडले होते. श्वास घेताना छातीतून असा आवाज येत होता, जसा ओल्या लाकडाला जाळ लागताना येतो. पुतण्या म्हणाला, काकी चुलीपुढेच कलंडली.

काठावर एक सपाट दगड आहे, त्यावर आम्ही आजाऱ्याला टेकवतो. तिथे तिला बसवलं, घोंगडी लपेटली. पुतण्याला म्हटलं, तू वर खिंडीत पळ. आमच्याकडे फोन लागतो तो फक्त खिंडीत, तोही एका विशिष्ट झाडाखाली उभं राहिलं तर. पलीकडे दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांग, काठावर गाडी आणा, ऑक्सिजनचं नळकांडं आणा. तो पळाला. ढगात शिरला आणि दोन उड्यांत दिसेनासा झाला.

मग आम्ही दोघंच. दुपार होती, पण उजेड असा की कोणती वेळ ते सांगता येऊ नये. पलीकडचा काठ नव्हताच. तार चार हात पुढे जाऊन ढगात संपत होती. भिजलेल्या लोखंडाचा वास, ग्रीसचा वास, आणि बायकोच्या अंगाला कायम असतो तो धुराचा.

मी म्हटलं, पाळणा पलीकडे आहे, सकाळी मास्तर गेले त्यात. आत्ता ओढून घेतो.

ती म्हणाली, ‘‘मी नाही बसणार.’’

मी तिची समजूत घातली. म्हटलं डोळे मीट, मी आहे दोर धरायला, आजवर माझ्या हातून कुणी पडलं नाही. बरंच बोललो. ती श्वास गोळा करत होती. मग थांबत थांबत म्हणाली,

‘‘पडायची भीती नाही हो मला... तिकडे गेले आणि संपले, तर मग परत कशी येऊ?’’

इतकी वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं, तिला उंचीची भीती आहे.

ती म्हणाली, तुमचाच नियम. मग म्हणाली, इथेच असू दे, या दगडावर, घराच्या जवळ. अगदी शांतपणे म्हणाली, जसं एखादी म्हणेल की आज भाजी नको, नुसती भाकरी पुरे. मी तिच्याकडे पाठ फिरवली, कारण माझा चेहरा तिला दाखवायचा नव्हता, आणि तारेला झटका दिला. एक.

ढगापलीकडे कुठेतरी खडे वाजले. थोड्या वेळाने माझ्या बाजूचा डबा वाजला. एक. म्हणजे बोळक्याने पाळणा सोडला होता, आता मी ओढायचं.

मी ओढायला लागलो. आणि दोर जड लागला.

आधी बरं वाटलं. म्हटलं नर्सबाईच निघाल्या वाटतं. पण फोन तर अजून लागलाही नसेल. मग वाटलं, दगड असेल. पण दगडाचं वजन मला पाठ होतं. दगड मुका असतो, ओढाल तसा येतो. हे वजन जिवंत होतं. ते मधेच सावरून बसत होतं, दोराला बारीक हिसके देत होतं. आणि तार कण्हायला लागली.

हात माणसाआधी ओळखतात. मी नाव घेतलं नाही. ओढत राहिलो, कारण थांबलो असतो तर ते वजन मधेच, नदीवर लटकून राहिलं असतं, आणि ते मला ओढण्यापेक्षा वाईट वाटलं.

‘‘कोण आहे?’’ मी विचारलं.

पाळणा ढगातून बाहेर आला. फळी रिकामी होती. पट्टा लोंबत होता. दगडही नव्हता.

डबा काठाला लागला, आणि मग तो काठाकडे कलला. माणूस उतरताना कलतो तसाच, आधी एका पायाच्या भाराने, मग दोन्ही. त्यानंतर उसळून सरळ झाला, आणि माझ्या हातातला दोर एकदम हलका पडला.

मी वळून पाहिलं. बायको दगडावर सरकून बसली होती. शेजारी एका माणसाला पुरेल, चांगल्या अंगापिंडाच्या माणसाला पुरेल, एवढी जागा करून. ती तिकडे पाहत होती आणि ऐकत होती. श्वास तसाच घरघरत होता, पण कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मधे एकदा ती हसली. वीस वर्षं चुलीपाशी जशी हसायची, तोंड फिरवून, समोरच्याला कळू न देता.

मी उभाच. ढग पायाशी येऊन थांबला होता.

मग तिने माझ्याकडे हात केला.

‘‘चला, बसवा मला,’’ ती म्हणाली. ‘‘येता येतं म्हणतात त्या... बसूनच येता येतं.’’

मी काही विचारलं नाही. तुम्ही म्हणाल का नाही विचारलं. बायको पाळण्यात बसायला तयार झाली होती, मला तेवढंच हवं होतं. तिला उचलून फळीवर ठेवली. त्या फळीवर बसायचं माझ्या जिवावर आलं असतं, पण ती बसली. पट्टा बांधला. झटका दिला. पलीकडून दोर ताणला, आणि ती ढगात गेली. माझ्या तळहातातून दोर सरकत होता, आणि तिचं वजन मला पहिल्यांदाच कळत होतं. इतकं कमी होतं ते. एवढ्याशा बाईच्या जिवावर आमचं घर चाललं होतं.

खडे तीनदा वाजले तेव्हा मी खाली बसलो. शेजारच्या सपाट दगडावर नाही. जमिनीवर.

पुतण्या खिंडीतून परत आल्यावर त्याने मला पलीकडे सोडलं. दवाखान्यात बायकोच्या नाकाला नळी लावली होती, ओठांना रंग आला होता. नर्सबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. मग मला बाजूला घेऊन रागावल्या. तिच्या छातीत धूर बसलाय म्हणाल्या, इतक्या वर्षांत एकदाही का आणली नाही. मी ऐकून घेतलं. बाहेर बोळक्या पायरीवर बसला होता. त्याला विचारलं, पाळण्यात कुणाला बसवलं होतंस? तो म्हणाला, कुणाला बसवणार, इथे माणूस होतं कुठे. मग डोकं खाजवत म्हणाला, ‘‘घाईत दगड ठेवायचा राहिला रे. पहिल्यांदाच राहिला. पण वारा नव्हता म्हणून निभावलं.’’

बायको बरी होऊन आली. पाळण्यातून, बसून आली. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, मीही काढलं नाही. फक्त दुपारी ती चुलीपाशी एकटी असली की कुरकुर ऐकू यायची. मीठ मी बघून घालते. लाकूड ओलं असेल तर मी काय करू. एकाच बाजूचं भांडण. मधेच थांबायची, ऐकायची, आणि पुन्हा सुरू. मी ओट्यावर बसून असायचो. खोटं कशाला बोलू, भीती वाटायची, पण घर भरल्यासारखंही वाटायचं.

पुढे पूल झाला. कसा झाला, कुणाच्या मनात आलं, आम्हाला कळलं नाही. एके दिवशी यंत्रं आली आणि कावळे उडाले. पूल झाल्यावर गावात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो. पोरी मोठ्या शाळेत जायला लागल्या. गॅसच्या टाक्या आल्या. बायकांचा खोकला कमी झाला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ते दुखणं होतं. दिवस भरलेल्या पोरी आता घाबरत नाहीत. रात्री कुणाला काही झालं तर माणसं हळू आवाजात बोलत नाहीत, फोन करतात. दवाखान्याची गाडी दारात येते. माणूस संपलं तरी तीच गाडी त्याला घरी आणते, आडवं, पांघरूण घालून, नीट. वहिनीला गॅस आवडला नाही, असं बायको एकदा सहज बोलून गेली.

पाळणा उतरवायला माणसं आली, त्यांनी डबा नेला. जाड तार आणि ती बारीक तार नंतर नेऊ म्हणाले. बोळक्या तोवर मुलाकडे राहायला गेला होता. पलीकडच्या काठावर आता कुणी नव्हतं. तिथे गवत माजलं.

आणि ढग उतरले की खडे वाजायला लागले.

एक झटका. ओढ. मी म्हटलं, वारा असेल. पण ढग उतरतात तेव्हा वारा पडलेला असतो, हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. थोडा वेळ जायचा, मग पुन्हा एक. घाई नाही, राग नाही. ज्यांना वाट पाहायची सवय असते त्यांचा झटका तसा असतो. ओढायला डबा नव्हता. मी काठावर जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो.

बायकोचं जेवण कमी झालं. पुन्हा वाळायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले छाती चांगली आहे. ती झोपेत दचकून उठायची आणि कान द्यायची. एका दुपारी खडे वाजले तशी तिने हातातलं ताट बाजूला ठेवलं.

‘‘मी आले. जाऊबाई आल्या,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीच्यांनी काय करायचं?’’

मी म्हटलं, पूल आहे की आता.

ती म्हणाली, ‘‘त्यांना कुणी सांगितलंय?’’

खरंच होतं. ते गेले तेव्हा नुसते दोन खांब होते.

मी काठी घेतली आणि निघालो. पुलावर ढग होता, कठड्याचा हात सोडला तर पूल कुठे संपतो ते कळू नये असा. पलीकडे उतरून मी जुन्या काठावर गेलो. गवत गुडघ्यापर्यंत. बोळक्याची बसायची जागा, गुळगुळीत झालेला दगड, तारेला टांगलेला खड्यांचा डबा, सगळं जिथल्या तिथे. तार हलत नव्हती. तरी मला वाटलं, मी येईपर्यंत इथे बोलणं चाललं होतं आणि मला पाहून थांबलं. लग्नघरात परका माणूस आला की थांबतं तसं.

मी टोपी काढली. काय म्हणायचं, कुणाला म्हणायचं... यातल्या प्रत्येकाला मीच इकडे सोडलं होतं, माझ्याच हातांनी. घसा साफ केला.

‘‘पाळणा काढलाय,’’ मी म्हटलं. ‘‘पूल झालाय आता. चालत या. मी पुढे होतो.’’

गवत हललं नाही. काहीच झालं नाही. मी वळलो आणि पुलावर आलो. मागे पाहिलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला, पण सिमेंटचा पूल, त्याच्यावर माझ्या काठीशिवाय कसलाच आवाज आला नाही. दोर असता तर हाताला कळलं असतं, कोण आहे, किती आहेत, कुणी मधेच थांबलंय का. पुलाला वजन कळत असेल, पण तो सांगत नाही. मी फक्त सावकाश चाललो. त्यांच्यात म्हातारी माणसं होती. एक बाळंतीण होती, तिच्या कडेवर लेकरू.

अलीकडच्या टोकाला दवाखान्याची गाडी उभी होती. दिवे लागलेले, इंजिन चालू. ड्रायव्हर नवा पोरगा होता, खालच्या गावांकडून आलेला, आठवडाही झाला नव्हता त्याला. गावात कुणालातरी सोडून तो परत निघाला होता. त्याने मला पाहून मान हलवली. मी बाजूला झालो, त्याला जायला जागा दिली. रस्ता मोकळा होता. गाडी हलली नाही.

मी काचेपाशी जाऊन विचारलं, बाबा, निघत का नाहीस?

त्याने इंजिन बंद केलं. दिवेही मालवले, समोरच्यांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून मालवतात तसे. माझ्या खांद्यावरून तो पुलाकडे पाहत होता, आणि त्याची नजर सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होती. पुन्हा मागे जात होती. पुन्हा सरकत होती.

‘‘घाई नाही, आजोबा,’’ तो म्हणाला. ‘‘तुमची माणसं होऊ देत पुढे.’’

बराच वेळ त्याने किल्ली फिरवली नाही.